मागून सायरन, बाजूला ट्रक आणि पुढे लाल सिग्नल

पारोळ्याहून जळगावला रोज स्वतःच्या कारने ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. शहरात शिरताना ते सिग्नलच्या रांगेत उभे होते. मागून रुग्णवाहिकेचा सायरन सुरू झाला. डाव्या हाताला भरलेला ट्रक, उजवीकडे दुभाजक आणि पुढे लाल सिग्नल. अशा वेळी पुढे सरकावे, जागीच थांबावे की सिग्नल ओलांडून वाट मोकळी करावी, आणि वाट देता आली नाही तर दहा हजारांचा दंड खरोखरच होतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत रुग्णवाहिका चालवली आणि आता चालकांना प्रशिक्षण देतो, त्यामुळे या प्रश्नाकडे मी मागच्या गाडीच्या काचेतून पाहतो. तिथून पाहताना असे दिसते की वाट द्यायची बहुतेकांची तयारी असते. मुद्दाम आडवे राहणारा चालक क्वचितच भेटतो. मागच्या चालकाला खरा त्रास होतो तो पुढची गाडी नेमके काय करणार आहे हे न कळल्यामुळे. कोणी आधी डावीकडे झुकतो, मग विचार बदलून उजवीकडे येतो, कोणी भर रस्त्यात कचकन ब्रेक मारतो, तर कोणी आपल्यालाच पळायला सांगितले आहे अशा समजुतीने वेग वाढवतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्याचा गाभा एवढाच: एकच हालचाल ठरवा, ती लवकर दाखवा, सावकाश करा आणि मध्येच बदलू नका.

आधी कायद्याचे पाहू, कारण भीती त्याचीच जास्त आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई घालण्यात आले. अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने ठरवून दिलेले अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो चालक आपले वाहन रस्त्याच्या कडेला घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंतची कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे दहा हजारांचा आकडा अफवा नाही. मात्र या कलमाचा रोख कडेला न होणाऱ्यावर आहे, आणि ज्याच्या एका बाजूला ट्रक व दुसऱ्या बाजूला दुभाजक आहे तो जागच्या जागी शांत उभा राहिला तर त्याने टाळाटाळ केली असे कोणी समंजस पोलीस म्हणणार नाही. लाल सिग्नल सावधगिरीने ओलांडण्याची किंवा गरज पडल्यास उलट्या बाजूने जाण्याची सवलत २०१७ च्या वाहनचालन नियमावलीने दिली आहे ती आपत्कालीन वाहनाला. तिच्या पुढे उभ्या असलेल्या खासगी कारला ती मिळत नाही. याच नियमावलीत अग्रक्रमही सांगितला आहे: आधी अग्निशमन वाहन, मग रुग्णवाहिका, त्यानंतर पोलिसांचे वाहन.

तेव्हा मूळ प्रश्नाचे थेट उत्तर असे की लाल सिग्नल असताना चौकात घुसू नये. याचे कारण चलनापेक्षा मोठे आहे. आडव्या रस्त्यावरून हिरव्या सिग्नलवर येणाऱ्या दुचाकीस्वाराला तुमच्या मागच्या रुग्णवाहिकेची कल्पना नसते. त्याला एक कार अचानक आडवी येताना दिसते. तिथे धडक झाली की चौकच बंद पडतो, आणि ज्या रुग्णासाठी वाट करायची होती तो तुमच्या अपघाताच्या मागे अडकतो. चौकात वाहतूक पोलीस असेल आणि त्याने हाताने पुढे बोलावले, तर निःशंकपणे जावे, कारण पोलिसाचा इशारा सिग्नलच्या दिव्यापेक्षा वरचा असतो. पोलीस नसेल, तर थांबरेषेपर्यंत जेवढी जागा आहे तेवढीच वापरून गाडी तिरपी करून कडेला दाबावी. शेजारच्या ट्रकचालकाला काच खाली करून हाताने खूण केली, तर तो एक हात डावीकडे सरकतो आणि तुम्ही दुभाजकाला लागून उभे राहिलात की मधे वाट निघते. थांबलेल्या दुपदरी रांगेत हीच पद्धत सर्वांत उपयोगी पडते: डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे, उजव्या लेनमधल्यांनी उजवीकडे. सगळेच डावीकडे घुसू लागले की डावी लेन आधीच भरलेली असल्यामुळे गाड्या तिरप्या अडकतात आणि कोणतीच बाजू मोकळी होत नाही.

हे जमण्यासाठी एक सवय आधीपासून हवी. रांगेत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर ठेवावे. तेवढे अंतर असेल तर मागे न घेता गाडी वळवून बाहेर काढता येते. बंपरला बंपर लावून उभ्या असलेल्या गाडीला मनात असूनही काही करता येत नाही. आपल्याकडे रांगेत अंतर ठेवले की त्यात रिक्षा नाहीतर दुचाकी घुसते हे मला माहीत आहे, तरीही ठेवावे.

आता चालत्या वाहतुकीचे. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर तुम्ही ताशी ५० किलोमीटरने चालला आहात आणि रुग्णवाहिका ८० ने येते आहे असे धरा. दोघांच्या वेगातला फरक ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मीटर. ती तुमच्यापासून १०० मीटरवर असताना तुम्हाला आरशात दिसली, तर तुमच्याजवळ पोहोचायला तिला १२ सेकंद लागतात. आरशात पाहून, डावा इंडिकेटर देऊन, लेन बदलायला १२ सेकंद पुष्कळ झाले. पण तुम्ही घाबरून जागीच थांबलात, तर तेच १०० मीटर ती साडेचार सेकंदांत कापते, आणि ८० च्या वेगातली गाडी थांबवायला कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही चालकाच्या प्रतिसादाचा वेळ धरून साधारण ६० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर त्याहून बरेच अधिक. म्हणून चालत्या रस्त्यावर ब्रेक हा पहिला उपाय नसतो. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग डावीकडे, आणि त्यानंतर हळूहळू वेग कमी. थांबायची गरज पडली तर ते सर्वांत शेवटी, कडेला पोहोचल्यावर.

यामागे आणखी एक कारण आहे जे बाहेरून दिसत नाही. महाराष्ट्रातल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, आणि रुग्णाला ऑक्सिजन लावताना, सलाईन सावरताना किंवा छातीवर दाब देताना तो अनेकदा उभा किंवा अर्धवट वाकलेला असतो. चालकाने जोरात ब्रेक मारला की डॉक्टर पुढे फेकला जातो, स्ट्रेचर हिसका खाते, आणि मणक्याला मार लागलेल्या रुग्णाला तो हिसका कायमचे नुकसान करू शकतो. त्यामुळे जाणता चालक सलग ५०-६० चा वेग पसंत करतो. ८० वर जायचे, २० वर यायचे आणि पुन्हा ८० गाठायचे, यात वेळ वाचत नाही आणि आतल्या माणसाचे हाल होतात. तुम्ही एकाएकी पूर्ण मोकळा रस्ता करून देण्यापेक्षा तो आपला वेग न मोडता निघून जाईल अशी जागा ठेवली, तर ती मदत मोठी असते.

इंडिकेटरबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. रुग्णवाहिका दिसली की अनेक कारचालक चारही इंडिकेटर लावतात. हेतू चांगला असतो, पण चारही दिवे लुकलुकू लागले की गाडी डावीकडे जाणार की उजवीकडे, हे सांगायचे साधनच उरत नाही. ट्रकचालकांची वेगळी तऱ्हा असते: काही जण ‘पुढे जा’ म्हणून उजवा इंडिकेटर देतात, काही जण डावा. मागच्या चालकाला मग प्रत्येक ट्रकमागे अंदाज बांधावा लागतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे: ज्या बाजूला गाडी प्रत्यक्षात सरकवणार आहात त्याच बाजूचा दिवा द्यावा, म्हणजे चालत्या रस्त्यावर जवळजवळ नेहमी डावा. दिवा आणि गाडीची हालचाल एकच सांगू लागली की मागचा चालक बिनधास्त उजवीकडून काढतो.

तुमच्या पुढे ट्रक असेल आणि मागे रुग्णवाहिका, तर ट्रकला ओव्हरटेक करून पुढे पळण्याचा मोह आवरावा. सावदा, फैजपूर, रावेर भागात केळीने भरलेल्या ट्रकमागे असे हमखास होते. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याचा बराच भाग दुभाजकाविना आहे. कारवाला ट्रकला ओलांडायला समोरच्या लेनमध्ये जातो आणि रुग्णवाहिका त्याच्या पाठोपाठ तिथेच असते. समोरून वाहन आले की तिघांचीही कोंडी होते. त्याऐवजी ट्रकच्या मागे डावीकडे दबून, वेग थोडा कमी करून रुग्णवाहिकेला ट्रकच्या थेट मागे येऊ द्यावे. तिला पुढचा रस्ता दिसतो, ट्रकचालकाला आरशात तिचा दिवा दिसतो, आणि पुढचे ते दोघे पाहून घेतात. अशा रस्त्यावर समोरून येणाऱ्यांचीही तेवढीच जबाबदारी आहे: त्यांनीही डावीकडे होऊन वेग उतरवला, तर मधे तिसऱ्या वाहनापुरती पट्टी तयार होते. मधे भक्कम दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरच्या बाजूच्यांनी थांबायचे काहीच कारण नाही, मात्र तिकडूनही लोक कुतूहलाने हळू होतात.

डावीकडे व्हा म्हणणे सोपे आहे, पण खान्देशात डावीकडे काय आहे ते पाहूनच व्हावे लागते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. जून ते सप्टेंबर या काळात डांबराची कड सोडून साइडपट्टीवर चाक उतरवले की ते रुतते. आणि कड खचलेली असेल तर एक बाजू अचानक वीतभर खाली जाऊन गाडी शेतात ओढली जाते. म्हणून पावसाळ्यात डांबरावरच राहून शक्य तितके डावीकडे चिकटावे, वेग कमी करावा, आणि जिथे फाटा, पेट्रोल पंप किंवा मुरूम टाकलेली पक्की जागा दिसेल तिथे पूर्ण बाजूला व्हावे. रुतलेली कार काढायला जमलेली गर्दी हा रुग्णवाहिकेपुढचा नवा अडथळा असतो. कपाशीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांना हे विशेष लागू आहे, कारण बाहेर आलेल्या कपाशीमुळे त्यांना मागचे काहीच दिसत नाही, आणि ट्रॅक्टरच्या आवाजात सायरन ऐकू येण्याची शक्यता फार कमी असते. त्यांच्या मागे असलेल्या कारचालकाने हॉर्न आणि डिपर देऊन त्यांना जागे केले, तर ते उपकारच आहेत.

काही जागांवर थांबायचेच नसते. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या औट्रम घाटातले वळण, अरुंद पूल, चढाचा माथा आणि चौकातले वर्तुळ या त्या जागा. वळणावर थांबलेल्या गाडीला ओलांडताना रुग्णवाहिकेला समोरचे दिसत नाही, म्हणजे तुम्ही वाट दिली पण ती वापरता येत नाही. इथे डावा इंडिकेटर देऊन तसेच पुढे जावे, वळण किंवा पूल संपल्यावर सरळ रस्त्यावर बाजूला व्हावे. डावा दिवा लागल्याबरोबर मागच्या चालकाला कळते की याने आपल्याला पाहिले आहे, आणि तो थोडा दम धरतो. हे ‘पाहिले आहे’ कळणे फार मोलाचे असते. ते न कळल्यानेच तो पुन्हा पुन्हा हॉर्न दाबतो आणि पुढचे लोक आणखी गोंधळतात.

रेल्वे फाटकाचा विषय आपल्याकडे टाळता येत नाही. सुरत–भुसावळ मार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाववरून जातो आणि भुसावळ–मनमाड मार्ग पाचोरा, चाळीसगाववरून. अनेक ठिकाणी उड्डाणपूल झाले, तरी गावोगावची फाटके अजून आहेत. रेल्वेगाडीला सिग्नल दिला गेल्यानंतर फाटकवाला रुग्णवाहिकेसाठीही फाटक उघडू शकत नाही, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण फाटक उघडल्यानंतरची दहा मिनिटे वाया जातात ती पूर्णपणे आपल्यामुळे. बंद फाटकापुढे डाव्या बाजूची रांग भरली की मागून येणारे उजवी बाजूही भरून टाकतात, पलीकडचेही तेच करतात, आणि फाटक उघडताच दोन्ही बाजूंच्या चार रांगा रुळांवर समोरासमोर येतात. अशा वेळी रांगेच्या मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेला वाट देणे शेवटच्या कारवाल्याच्या हातात राहत नाही. फाटकावर उजवी बाजू रिकामी ठेवणे हीच तिथली वाट देण्याची पद्धत आहे आणि ती सायरन ऐकू येण्याआधी पाळायची असते. मुद्दाम घुसणाऱ्यांना गावातली चार पोरे उभी राहून थोपवताना मी काही फाटकांवर पाहिली आहेत. पोलिसांपेक्षा त्यांचे ऐकले जाते.

वरात आणि यात्रा यांचेही असेच आहे. डीजेच्या भिंतीमागे सायरन ऐकू येत नाही, म्हणून वरातीच्या शेपटाला एक भान असलेला माणूस ठेवावा आणि डीजेवाल्याला आवाज बंद करण्याची खूण आधीच ठरवून द्यावी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तापीवरच्या पुलाच्या तोंडाशी गाड्या लावू नयेत, एवढे जरी पाळले तरी शहादा बाजूचा रुग्ण वेळेवर पुढे जातो.

ऐकू येण्याबद्दल थोडे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, काचा बंद असतात, एसी आणि गाणी चालू असतात. अशा बंद कारमध्ये सायरन कानावर पडतो तेव्हा रुग्णवाहिका बहुधा अगदी जवळ आलेली असते, आणि इमारतींवरून आवाज परतत असल्यामुळे ती कोणत्या दिशेने येते आहे तेही कळत नाही. त्यामुळे कानापेक्षा आरशावर भिस्त ठेवावी. दर आठ-दहा सेकंदांनी एकदा मधल्या आरशात नजर टाकायची सवय लावावी. रुग्णवाहिकेच्या बॉनेटवरची अक्षरे उलटी लिहिलेली असतात ती तुमच्या आरशात सुलटी दिसावीत म्हणूनच. सायरन ऐकू आला पण दिशा समजत नसेल, तर गाणी बंद करून काच बोटभर खाली घ्यावी आणि दिशा कळेपर्यंत चौकात प्रवेश करू नये. सायरनचे सूरही काही सांगतात: मोकळ्या रस्त्यावर लांब चढ-उताराचा सूर लावला जातो, चौक आला किंवा पुढे कोणी हटत नसेल तर चालक झटपट तुटक सुरावर येतो. तुमच्या मागे सूर अचानक तुटक झाला, तर तो तुम्हालाच उद्देशून आहे असे समजायला हरकत नाही. दुचाकीवर कानात इअरफोन घालणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही; लिहिले तर भाषा औपचारिक राहणार नाही.

रुग्णवाहिका पुढे निघून गेली की लगेच मूळ लेनमध्ये उसळी मारू नये. मोठा अपघात असेल तर एकामागून दुसरी रुग्णवाहिका येते, आणि आगीच्या ठिकाणी निघालेल्या बंबामागे पाण्याचा टँकर असतो. आरशात पाहून, इंडिकेटर देऊन परतावे. रुग्णवाहिकेने मोकळ्या केलेल्या वाटेत तिच्या शेपटाला लागून जाणारे दुचाकीस्वार आणि कार यांचा धोका सर्वाधिक असतो, कारण पुढचे लोक एक वाहन गेले असे समजून पुन्हा मध्ये येतात. किमान ५० मीटर अंतर ठेवावे.

रुग्णाच्या नातेवाईकांची गाडी हा यातला नाजूक भाग आहे. शिरपूर, साक्री, दोंडाईचा भागातून गंभीर रुग्ण धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवला जातो तेव्हा पाठीमागे घरच्यांची गाडी असते, आणि चारही इंडिकेटर लावून ती रुग्णवाहिकेइतक्याच वेगाने पळत असते. त्या गाडीला कायद्याने कोणतीही सवलत नाही आणि तिच्या चालकाचे मन थाऱ्यावर नसते. घरच्यांना मी निघण्यापूर्वीच सांगत असे की रुग्णालयाचे नाव आणि कोणत्या विभागात जायचे ते विचारून ठेवा, एकाला रुग्णाबरोबर बसवा, आणि तुम्ही आपल्या वेगाने या. तुम्ही पंधरा मिनिटे उशिरा पोहोचलात तरी उपचार थांबत नाहीत.

शेवटी त्या गृहस्थांनी जाता जाता केलेली तक्रार: कित्येकदा रुग्णवाहिका रिकामी असते आणि तरी सायरन वाजवते, मग वाट का द्यावी? गैरवापर होतो, हे मी नाकारत नाही. जेवायला घरी निघालेल्या चालकाने सायरन लावलेला मीही पाहिला आहे आणि त्याला तिथल्या तिथे सुनावलेही आहे. पण रिकामी गाडी रुग्णाला आणायला निघालेली असू शकते, किंबहुना निम्मा प्रवास तसाच असतो. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या १०८ सेवेत ९३७ रुग्णवाहिका उतरवण्यात आल्या, त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक सुविधांच्या होत्या. संपूर्ण राज्याला ही संख्या वाटली की एका गाडीच्या वाट्याला किती गावे येतात ते लक्षात येईल. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातल्या पाड्याकडे निघालेली गाडी रिकामी दिसते, आणि ती पोहोचेपर्यंत सर्पदंशाचा किंवा अडलेल्या बाळंतिणीचा रुग्ण तिथेच वाट पाहत असतो. रस्त्यावरून तुम्हाला यातले काहीच ओळखता येत नाही. आधी वाट द्यावी. शंका असेल तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून ठेवून नंतर वाहतूक पोलिसांकडे किंवा आरटीओकडे लेखी तक्रार करावी. गाडी १०८ ची असेल तर तिच्या फेऱ्यांची नोंद नियंत्रण कक्षात असते, त्यामुळे त्या वेळी ती कोणत्या कामावर होती याची चौकशी करता येते.